मेंदूलहरींवरून ओळख-पडताळणी
टाळूवर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींवरून व्यक्ती ओळखण्याची जैवमितीय पद्धत. एकाच चित्राला प्रत्येकाचा प्रतिसाद थोडा निराळा असतो, हा तिचा पाया. बोटाचा ठसा चोरीला गेल्यास बदलता येत नाही. येथे चित्रसंच बदलता येतो. मात्र हालचाल, घाम, पेंग यांनी नोंद बिघडते. पिंपरी-चाकणच्या कारखान्यात पाळी सुटताना फाटकावर इलेक्ट्रोडांची टोपी चढवत बसणे अवघडच.

महाराष्ट्रात मेंदूलहरी गाजल्या त्या वेगळ्या कामी. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खूनखटल्यात सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेल्या ‘बीईओएस’ चाचणीचाही आधार घेत जन्मठेप सुनावली. ही चाचणी माणूस कोण हे नव्हे, त्याला काय आठवते हे शोधू पाहते. २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने मेंदूलहरींची सक्तीची चाचणी घटनाबाह्य ठरवली.