एन-प्लस-वन क्वेरी

एन-प्लस-वन क्वेरी : जावामध्ये ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगच्या (ओआरएम) मार्फत डेटाबेस वापरताना हमखास आढळणारा दोष. यादी आणायला एक क्वेरी जाते आणि यादीतल्या प्रत्येक नोंदीशी जोडलेली माहिती आणायला पुन्हा एकेक. म्हणून ‘एन’ नोंदींमागे ‘एन अधिक एक’.

गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेले हायबरनेट आणि २००६ मध्ये ईजेबी ३.० सोबत आलेले जेपीए हे मानक यांमुळे जावा प्रोग्रामरला बहुतेक एसक्यूएल हाताने लिहावे लागेनासे झाले. दोषाचे मूळ या सोयीतच आहे. ‘लेझी’, म्हणजे गरज पडल्यावरच आणायच्या, संबंधाच्या जागी हायबरनेट प्रॉक्सी (तात्पुरता बदली ऑब्जेक्ट) ठेवते. कोडमध्ये ऑर्डरच्या ग्राहकाचे नाव मागणारी साधी ओळ दिसते. प्रत्यक्षात त्या ओळीवर डेटाबेसकडे एक खेप होते. शंभर वेगवेगळ्या ग्राहकांच्या शंभर ऑर्डरी लूपमध्ये छापल्या, तर १०१ क्वेरी. एका खेपेला ५ मिलिसेकंद धरले, तरी अर्धा सेकंद त्यातच गेला.

विकासकाच्या संगणकावर हे बहुधा दिसतच नाही. तिथल्या चाचणी-डेटात ग्राहक तीनच असतात. एकदा आणलेला ग्राहक सेशनच्या कॅशमध्ये राहतो, त्यामुळे क्वेरी चारच होतात. खरा डेटा आला की पान रखडते आणि दोष सर्व्हरच्या माथी मारला जातो.

संबंध ‘ईगर’, म्हणजे लगेच आणायचा, करणे हा सर्रास केला जाणारा आणि चुकीचा उपाय. मेनी-टू-वन संबंध जेपीएत मुळातच ईगर असतो. जेपीक्यूएल क्वेरीत जॉइन लिहिलेला नसेल, तर हायबरनेट त्यासाठीही मागाहून स्वतंत्र सिलेक्ट पाठवते. ‘जॉइन फेच’ खरा उपाय आहे, पण कलेक्शनवर तो लावून त्याच क्वेरीत पेजिनेशन मागितले, तर हायबरनेट सहसा सगळ्या ओळी मेमरीत आणून तिथे पान पाडते. लॉगमध्ये फक्त एक इशारा उमटतो. बॅच फेचिंगचा (जोडलेल्या नोंदी गटाने आणण्याचा) आकार २५ ठेवला, तर वरच्या १०१ क्वेरींच्या ५ होतात. आणि पान निव्वळ वाचण्यासाठी असेल, तर पूर्ण एंटिटी कशाला हवी? लागणारे कॉलम थेट डीटीओत (फक्त माहिती वाहणाऱ्या साध्या ऑब्जेक्टमध्ये) घ्यावेत. डर्टी चेकिंगचा, म्हणजे एंटिटी बदलली का हे तपासण्याचा, खर्चही वाचतो.

स्प्रिंग बूटमध्ये ‘ओपन-इन-व्ह्यू’ मूळ सेटिंगनुसार चालू असते. सेशन प्रतिसाद तयार होईपर्यंत उघडे राहते, लेझी इनिशियलायझेशनची चूक फेकली जात नाही आणि जेसन तयार होतानाही क्वेरी सुटत राहतात. नव्या प्रकल्पात हे सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करावे. हायबरनेटची स्टॅटिस्टिक्स सुविधा चालू केली, की किती स्टेटमेंट तयार झाली याचा आकडा मिळतो. तो युनिट टेस्टमध्येही तपासता येतो.