जबडा-शस्त्रक्रियेनंतरची संवेदना-पुनःप्राप्ती

खालचा जबडा कापून योग्य जागी बसवल्यावर ओठ, हनुवटी व हिरड्यांना आलेला बधिरपणा ओसरण्याची प्रक्रिया. हाडाचे दोन पदर उभे वेगळे करण्याची आज रूढ असलेली रीत ट्राउनर व ओबवेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडली. त्याच पदरांमधून त्रिशाखी तंत्रिकेची अधोदंत शाखा जाते. ती क्वचितच तुटते. ताण, दाब आणि सूज यांनी मात्र हमखास दुखावते. (चेहऱ्याचे स्नायू हलवणारी तंत्रिका वेगळी; म्हणून ओठ बधिर असला तरी हसू सहसा वाकडे होत नाही.)

सेडन यांच्या तंत्रिका-इजांच्या १९४३ च्या वर्गीकरणानुसार, तंतू शाबूत राहून केवळ संदेशवहन थांबले असेल तर काही आठवड्यांत जाण परतते. तंतू तुटले पण आवरण टिकले, तर ते दिवसाला सुमारे १ मिमी. वाढतात आणि महिने जातात. या काळातल्या मुंग्या, टोचणी यांना रुग्ण घाबरतात. बहुधा ती सुधारणेचीच खूण असते. वर्षानंतरही उरलेला बधिरपणा पुढे फारसा कमी होत नाही. वय जास्त असल्यास किंवा सोबत हनुवटीचे हाडही सरकवल्यास त्याची शक्यता वाढते. जाण परतेपर्यंत गरम चहा जपून प्यावा आणि दाढीचे पाते जपून वापरावे लागते.