सोऱ्या मोठा हवा. पण कोणत्या अंगाने?

सोऱ्या घ्यायचा तर मोठाच घ्यावा, हे मत सांगली-साताऱ्याच्या घराघरांत पक्के बसले आहे. होळी सरली, आष्ट्याच्या गच्च्यांवर वाळवणे दिसू लागली की ते नव्याने ऐकू येते. दुकानदार ते सांगतो, सोबत आलेली जाऊ त्याला मान डोलावते, सासूबाई त्यावर शिक्का मारतात. इतक्या तोंडांनी उच्चारलेल्या मताची परीक्षा सहसा कुणी घेत नाही. ती आज घ्यायची आहे. वादी मी आहे, निकाल वाचकांनी द्यायचा आहे.

प्रथम पूर्वपक्ष, तोही पूर्ण बळाने. मोठ्या सोऱ्याचे समर्थक चार गोष्टी सांगतात. एक, मोठा सोऱ्या कमी वेळा भरावा लागतो, म्हणून काम लवकर उरकते. दोन, आजीच्या काळचे सोरे मोठेच होते आणि त्यांतून पायली-दोन पायली गव्हाच्या कुरडया सहज होत. तीन, आता मळसूत्राचा सोऱ्या मिळतो, तेव्हा जोराचा प्रश्नच उरत नाही. चार, मोठ्यात थोडेही करता येते, लहानात जास्त करता येत नाही. युक्तिवाद सुसंगत आहे, अनुभवाचा आधारही आहे. म्हणूनच त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे.

मुळाशी जाऊ. सोऱ्यात पीठ चकतीच्या भोकातून बाहेर पडते ते दाबामुळे. दाब म्हणजे लावलेला जोर भागिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. चकतीचे भोक तेच, पीठ तेच, घालण्याचा वेगही तोच असेल, तर लागणारा दाबही जवळपास तोच राहतो. नळी रुंद आहे की अरुंद, याची त्या भोकाला फिकीर नसते. मात्र तो दाब निर्माण करण्यासाठी हाताला किती जोर लावावा लागेल, हे सर्वस्वी नळीच्या रुंदीवर ठरते.

आकडे पाहा. आतून ५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या नळीचे ४४.२. व्यास दीडपट, क्षेत्रफळ सव्वादोनपट. पहिल्या सोऱ्याला समजा १० किलोचा भार लागत असेल, तर दुसऱ्याला त्याच पिठासाठी साडेबावीस किलोचा लागेल. दुकानात दोन्ही सोरे शेजारी ठेवले तर फरक अडीच सेंटिमीटरचा दिसतो. मनगटाला तो साडेबारा किलोचा जाणवतो.

हे काही नवे शास्त्र नाही. बंदिस्त द्रवातला दाब सर्व बाजूंना सारखा पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कलने मांडला. पुढे १७९५ साली जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये द्रवदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्राचे मर्म एवढेच, की ज्या दट्ट्यावर माणसाचा हात पडतो तो लहान ठेवायचा. पीठ पाण्यासारखे वाहत नाही, थोडा दाब नळीच्या भिंतीशी घासण्यात जातो, हे मान्य. त्याने हिशेब थोडा सरकतो, उलटत नाही.

येथे एखादा जाणकार प्रतिपक्षी हात वर करील. तो म्हणेल, "रुंद नळीत जोर जास्त लागतो, पण दट्ट्या कमी अंतर खाली जातो, एकूण श्रम सारखेच झाले." गणिताने हे अगदी बरोबर आहे. पण माणसाचे मनगट एकूण श्रमांचा हिशेब ठेवत नाही. त्याला एका वेळच्या जोराची मर्यादा असते. हौद भरायला पाणी तेवढेच लागते, म्हणून कुणी घागर सोडून रांजण डोक्यावर घेत नाही.

आणि ही मर्यादा ओलांडली की काय घडते? सोऱ्या दबत नाही, म्हणून पिठात पाण्याचा हात लावला जातो. पीठ सैल होते, सोऱ्या मुकाट दबतो. चकलीचे काटे मात्र बोथट होतात. तळताना पाण्याची वाफ बाहेर पडते आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेल शिरते. जास्त पाणी म्हणजे जास्त तेल. चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते. मग दोष कुणाला? भाजणीला. मोहनाला. डाळीच्या प्रमाणाला. हातगुण नसलेल्या सुनेला. सोऱ्याचे नाव कुणीही घेत नाही. सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी रुजवले. पिठाचे माप आपण तेव्हापासून काटेकोर पाळतो. मग ज्या नळीतून ते पीठ जायचे, तिचे माप डोळ्यांच्या अंदाजावर का सोडावे?

आता चार मुद्दे एकेक करून.

पहिला, वेळेचा. एक किलो भाजणीचे भिजवलेले पीठ साधारण दीड ते पावणेदोन लिटर जागा घेते. ५ सेंटिमीटर व्यासाची, १२ सेंटिमीटर लांबीची नळी सुमारे पाव लिटरची. ती सात वेळा भरावी लागेल. साडेसात व्यासाची, १५ लांबीची नळी तीन वेळा. म्हणजे वाचले चार भरणे. पण चकलीच्या कामाचा वेग सोऱ्या ठरवतो कुठे? तो कढई ठरवते. कढईत एका वेळी सहा-आठ चकल्या मावतात आणि मंद आचेवर त्या आतपर्यंत तळायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात लहान सोऱ्या निवांत भरून होतो. मोठ्या सोऱ्याने आधीच पाडून ठेवलेल्या चकल्या तोवर कागदावर सुकत राहतात आणि उचलताना मोडतात. वाचवलेला वेळ कढईपुढे ताटकळण्यातच जायचा असेल, तर तो वाचला असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

कुरडईचा मामला वेगळा आहे, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. तेथे कढई नाही, घड्याळ आहे. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवायचा आणि ऊन चढण्याआधी कुरडया घालून मोकळे व्हायचे. चीक गरम आहे तोवरच तार नीट पडते. थांबला की घट्ट होतो, कारण शिजून फुललेले स्टार्च निवताना पुन्हा गोठू लागते. म्हणून एका दमात जास्त चीक बसणे येथे खरोखर सोयीचे. पण प्रतिपक्ष जे विसरतो ते असे: मोठ्या गोळ्याची ऊब जास्त टिकते, तसा तो रिकामा व्हायलाही जास्त वेळ लागतो. त्या वेळात धातूला टेकलेला थर आधी निवतो आणि दाबायला सर्वांत जड असलेला सोऱ्या आणखी जड होतो. पातेल्यात झाकून ठेवलेला चीक नळीत अडकलेल्या चिकापेक्षा अधिक सुखरूप असतो. त्यात पितळ स्टेनलेस स्टीलच्या सात-आठ पट उष्णता वाहून नेते. गरम चिकाने भरलेली पितळी नळी फडक्याशिवाय हातात धरवत नाही, आणि फडक्यातून मोठी नळी आवळून धरणे सोपे नसते.

दुसरा मुद्दा परंपरेचा. आजीचा सोऱ्या मोठा होता, खरेच. पण तो आजी एकटी दाबत होती का? घडवंचीवर बसवलेल्या लाकडी सोऱ्याला लांब दांडा असे. दांड्याच्या टोकावर भार टाकला की तरफेने जोर कित्येक पट वाढे. एक दाबी, एक खाली कुरडई झेली, तिसरी चीक आणून देई. काम सावडीने चाले, आज हिच्या घरी, उद्या तिच्या. त्या व्यवस्थेत मोठी नळी शहाणपणाची होती. आपण त्या व्यवस्थेतून दांडा काढला, घडवंची काढली, जावा-नणंदा काढल्या आणि नळीची रुंदी तेवढी ठेवली. याला परंपरा म्हणायचे?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथून लोखंडी नांगर खेडोपाडी गेले. ती जागा आज आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. नांगर ओढणाऱ्या बैलांच्या बळाला साजेसा हवा, हे येथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तोच विचार स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर का अडतो?

तिसरा मुद्दा मळसूत्राचा, आणि हा सर्वांत फसवा. मळसूत्र जोर वाढवते, यात वाद नाही. पण एका फेऱ्यात दट्ट्या ठरावीक अंतरच खाली जातो. समजा ते अंतर ४ मिलिमीटर आहे. अरुंद नळीतून एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिलिटर पीठ बाहेर येईल, रुंद नळीतून जवळजवळ १८. म्हणजे भोकातून तार सव्वादोनपट वेगाने सुटते. चकलीचा वेढा घालणाऱ्या हाताला तो वेग झेपत नाही. वेढे एकमेकांवर चढतात. शिवाय वरची मूठ फिरवताना नळीही सोबत फिरू पाहते. तिला रोखून धरणारा डावा हात तेवढाच पिळवटतो. मळसूत्राने उजव्या हाताचे ओझे हलके केले आणि डाव्याच्या गळ्यात बांधले. शेवटी, प्रत्येक भरणीला तेच मळसूत्र उलटे फिरवून वर घ्यावे लागते, याचा हिशेब दुकानात कुणी देत नाही.

चौथा मुद्दा, मोठ्यात थोडेही करता येते. करता येते, चांगले करता येते का? रुंद नळीत थोडे पीठ टाकले की ते एका बाजूला बसते, पोकळीत हवा अडकते, दट्ट्या तिरका जातो. अडकलेली हवा दाबली जाते आणि भोकाशी आली की फटकन सुटते; तार तेथेच तुटते. दट्ट्या आणि चकती यांच्यात अर्धा सेंटिमीटर फट राहिली, तर अरुंद सोऱ्यात १० मिलिलिटर पीठ अडकून राहते, रुंद सोऱ्यात २२.

हा वाद केवळ आपल्या अंगणातला आहे असेही नाही. अमेरिकेत घरी सॉसेज करणारे जे भरणयंत्र वापरतात, त्याची मापे पौंडांत सांगतात: पाच, दहा, पंधरा. तेथेही मोह मोठ्याचाच. पण मेंढीच्या आतड्याचे आवरण असते २० ते २४ मिलिमीटरचे. त्यात जाणारी नळी त्याहून बारीक. बारीक नळीला दाब जास्त लागतो आणि रुंद पिंप तो दाब सहजी देत नाही. मसाला वेगळा, भाषा वेगळी, नियम एकच.

मग काय, लहान सोऱ्या घ्यायचा? नाही. खंडनाबरोबर मंडनही केले पाहिजे. चूक ‘मोठा’ म्हणण्यात नाही. तो कोणत्या अंगाने मोठा, हे न विचारण्यात आहे. नळीत दीडपट पीठ मावायला हवे असेल आणि तुम्ही ती रुंद केली, तर जोरही दीडपट लागतो. लांब केली, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ तेवढेच राहते. भिंतीशी घासण्यापुरताच जोर थोडा वाढतो. लांबीलाही मर्यादा आहे: नळी फार लांब झाली की वर ओढलेला दट्ट्या खांद्याशी येतो आणि शरीराचा भार त्यावर नीट पडत नाही.

म्हणून माझा पक्ष असा. चकली, शेव यांसाठी आतून ५ सेंटिमीटरच्या आसपास व्यास, लांबी १२ ते १५. एकटीने कुरडया घालायच्या असतील तर व्यास फार तर ६, लांबी १८ पर्यंत. सात-साडेसातची नळी घ्यायची ती दांडा असेल, बैठक असेल आणि दाबायला दुसरी व्यक्ती असेल तरच. व्यास नेहमी आतून मोजावा. बाहेरून पाहिले तर पत्र्याची जाडी आणि कडांची नक्षी डोळ्याला फसवते. पट्टी सोबत न्यावी. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी एकच करावे. एकाच परातीतले पीठ दोन भाग करून दोन्ही सोऱ्यांत घालावे, पाण्याचा एकही हात न लावता. नंतर दोन्ही चकल्यांचे काटे पाहावेत आणि मग निकाल द्यावा.