कोळीधानी

काही गांधीलमाश्या आणि एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या यांच्या शरीरावर सूक्ष्म कोळ्यांना बसण्यासाठी असलेला खळगा किंवा कप्पा. शास्त्रीय परिभाषेत त्याला अ‍ॅकॅरिनेरियम म्हणतात. हा कोळी म्हणजे जाळे विणणारा प्राणी नव्हे. नागपूरच्या संत्राबागांत फळांवर ‘लाल्या’ आणणाऱ्या किडीचा तो दूरचा नातलग होय.

रचना : कुंभारमाश्यांमध्ये कोळीधानी छातीच्या मागच्या उतारावर किंवा पोटाच्या दुसऱ्या खंडाच्या पाठपट्टीच्या बुडाशी असते. भारतातही आढळणाऱ्या पॅरॅन्सिस्ट्रोसेरस प्रजातीत पहिल्या खंडाची कड या जागेवर छपरासारखी येते. त्या आडोशाला कोळी सुरक्षित राहतात. सुतार भुंग्यांच्या काही गटांत मादीच्या पोटाच्या पहिल्या खंडात पुढे उघडणारी पिशवीच असते. आर. सी. एल. पर्किन्स यांनी 1899 मध्ये तिचे वर्णन केले. भीमाशंकरच्या जंगलातील झायलोकोपा टेनुइस्कापा या मोठ्या भुंग्याच्या मादीतही ती असते.

जीवनचक्र : कुंभारमाश्यांवरचे कोळी प्रवासाच्या अवस्थेत काही खात नाहीत. पोकळ काडीत किंवा लाकडाच्या भोकात घरटे करणारी माशी प्रत्येक खोलीत एक अंडे घालते, डंखाने लुळ्या केलेल्या अळ्या साठवते आणि खोली मातीने लिंपते. त्याआधीच कोळी आत उतरलेले असतात. तेथे त्यांची वाढ व प्रजनन होते आणि पुढची पिढी नव्या माशीच्या कोळीधानीत बसून बाहेर पडते.

कार्य : अ‍ॅलोडायनेरस डेल्फिनॅलिस या माशीवरील एन्स्लिनिएला पॅरासिटिका हा कोळी तिच्या पिलांचा अंगरस शोषतो, म्हणून तो केवळ परजीवी मानला जाई. 2008 मध्ये किमिको ओकाबे व शुनइची माकिनो या जपानी संशोधकांनी दाखवले, की मेलिट्टोबिया अकास्टा ही पिलांवर अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी खोलीत शिरली, की हेच कोळी तिच्यावर तुटून पडतात आणि पुरेशा संख्येने असल्यास तिला मारतात. थोडा अंगरस हे त्या राखणीचे मोल ठरते.

सर्वत्र असे घडत नाही. उत्तर अमेरिकेतील अ‍ॅन्सिस्ट्रोसेरस अँटिलोप या जातीत मादी-अळ्या आपल्या खोलीतील कोळी मारून टाकतात. नर-अळ्यांच्या खोल्यांत ते वाचतात आणि पुढे मीलनाच्या वेळी नराकडून मादीवर जातात. म्हणून केवळ कोळीधानी आढळली एवढ्यावरून दोघांचाही लाभ सिद्ध होत नाही. बंद खोलीत कोण कोणाच्या उपयोगी पडतो, हे प्रत्येक जातीचे घरटे उघडूनच ठरवावे लागते.