येरवड्याचा गालिचा आणि धनगराची घोंगडी

महाराष्ट्रातल्या गालिच्यांचा विषय निघाला की जाणकार येरवड्याचं नाव घेतात. तिथल्या तुरुंगात इंग्रजी अमदानीत कैदी गालिचे विणत, आणि विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकलाही तिथे विणल्या गेल्या. आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला अवाढव्य गालिचा अजून विंडसरच्या राजवाड्यात आहे. पण बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड या इंग्रज अभ्यासकाने १८८० च्या आपल्या ग्रंथात या तुरुंगी मालाला चांगलंच धारेवर धरलं. कैद्यांच्या स्वस्त मजुरीपुढे कसबी विणकर टिकेना, नक्षीची कळा गेली, असं त्याचं म्हणणं. साहेब असला तरी मला त्याचं पटतं.

या तुरुंगी मालाच्या अगदी उलट गालिचा भटक्यांचा. इराणच्या फार्स प्रांतातल्या कश्काई टोळ्या मेंढरं घेऊन उन्हाळ्यात डोंगरावर जातात, थंडीत खाली उतरतात. त्यांच्या बायका जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा माग मांडतात. मुक्काम हलला की अर्धवट गालिचा गुंडाळून जनावराच्या पाठीवर. समोर नक्षीचा कागद नसतो; आईच्या हाताकडे बघत मुलगी शिकते. मधोमध मोठी शंकरपाळी, आजूबाजूला कोयऱ्या, आणि जागा रिकामी दिसली की एखादी शेळी, मोर नाहीतर कंगवा. रंगवलेली लोकर मध्येच संपली तर पुढची जरा फिकी निघते. तो फिका पट्टा तसाच राहतो, आणि शौकीन नेमका तोच शोधतात.

या गालिच्याचं आपल्याकडचं भावंड शोधायचं तर धनगराच्या वाड्यावर जावं. आमच्या पालेगावात टॉवर उभे राहायच्या आधी, भातकापणी उरकली की घाटावरचे धनगर खाली येत. शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखत शेताला, बदल्यात धान्य त्यांना. त्यांच्या खांद्यावरची घोंगडी मी हातात घेऊन पाहिली आहे. लांबून काळी, उन्हात धरली की तपकिरी, करडी, मधूनच पांढरा केस. सगळा रंग मेंढीच्या अंगचा. काठाला दोन पांढऱ्या रेघा, संपली नक्षी! चिंचोक्याच्या खळीमुळे नवी घोंगडी मानेला टोचते, वापरून मऊ पडते. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची लोकर असेल तर मऊपणाला तोड नाही. लोकर धनगराची असली तरी खड्डामाग पुष्कळदा सनगर विणकराचा, आणि सूत घरातल्या बायांनी कातलेलं.

नक्षी म्हणजे फुलंपाखरंच, असं मानणाऱ्यांना दोन रेघा दिसायच्या नाहीत. माझ्या लेखी मात्र येरवड्याच्या उसन्या वेलबुट्टीपेक्षा त्या रेघांचं कुळ कश्काई बाईच्या मागाला जास्त जवळचं आहे.

आता दख्खनी मेंढी मटणासाठी पाळतात. लोकरीला भाव नाही, कातरलेली पुष्कळदा फेकूनच देतात. घोंगडी घ्यायची झालीच तर उन्हात नेऊन बघा. सगळीकडे एकसारखी गर्द काळी दिसली, तर ती रंगवलेली समजा आणि परत ठेवा.