वाटा, माप आणि भाव : शिरोड्याच्या बाजारातील बोलणी

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सावंतवाडी संस्थानाची हद्द आणि तेरेखोलपाशी सुरू होणारा पोर्तुगीज गोवा ही दोन्ही हाकेच्या अंतरावर असल्यामुळे येथील देवघेवीला तीन राजवटींचा शेजार होता. दुकानदाराशी मराठी, मासेविक्रेतीशी मालवणी आणि गोव्याकडील गिऱ्हाइकाशी कोकणी अशी बोली बदलत जाई. हिशेबाची अडचण मात्र फारशी नसे, कारण इकडचा रुपया सोळा आण्यांचा तसा तिकडचा सोळा टांगांचा असल्याने पावली-अधेलीची भाषा दोन्हीकडे सारखीच कळे.

या बाजारातील घासाघीस प्रामुख्याने दरावर चाले असे मानणे अपुरे ठरेल. मासे वजनावर नव्हे, तर वाट्यावर, म्हणजे नजरेने लावलेल्या छोट्या ढिगावर विकले जात, आणि गावोगाव पाटी घेऊन फिरणाऱ्या गाबीत स्त्रिया सुगीत पैशांऐवजी भातही घेत. त्यामुळे आकडा कायम ठेवून ढीग वाढवणे हाच तडजोडीचा सोपा मार्ग होता. ‘वाटो कितक्याक गो?’ या प्रश्नाला आलेला पहिला आकडा दोन्ही पक्ष केवळ आरंभ समजत, ‘परवडणा नाय गे बाये’ हे उत्तरही ठरलेलेच असे, आणि सौदा बहुधा ‘बरां, एक बांगडो वर घाल’ या वाक्यावर मिटे. ‘बाये’, ‘वयनी’, ‘भावोजी’ ही नात्याची संबोधने निव्वळ गोडवा नव्हती: एकदा नाते जोडले की कमी माप देणे विक्रेतीला आणि फार ओढून धरणे गिऱ्हाइकाला अवघड जाई. भवानीच्या, म्हणजे दिवसातील पहिल्या विक्रीच्या वेळी तर विक्रेती गिऱ्हाईक परत जाऊ देण्यास नाखूष असे, आणि जाणते गिऱ्हाईक त्याचा फायदा घेई. धान्य मापतानाही पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची महाराष्ट्रातील रीत याच शुभाशुभाच्या कल्पनेतली होय.

गुरांच्या बाजारात याच्या अगदी उलट रीत आढळे. तेथे दलाल रुमालाखाली बोटे दाबून बोली लावत, म्हणजे भाव उच्चारलाच जात नसे. शेतकऱ्याला अंधारात ठेवणाऱ्या अशा गुप्त सौद्यांवर 1928 च्या शाही कृषी आयोगानेही टीका केली.

शिरोड्याच्या मिठागरांतील मिठाची गोष्ट निराळी होती. 1930 मध्ये मणामागे सव्वा रुपया कर असल्याने किमतीचा मोठा हिस्सा सरकारनेच ठरवलेला असे, आणि त्यापुढे विक्रेत्याचे चातुर्य लंगडे पडे. त्या वर्षीच्या मे महिन्यात येथे झालेल्या सत्याग्रहाला बाजाराच्या बाजूनेही पाहता येते, ते यामुळेच.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ शेर-पायलीच्या जागी किलो-लिटर आले, आणि वाण्याच्या दुकानातील मापावरची बोलणी हळूहळू संपली. पुढे वेष्टनावर कमाल किंमत छापली जाऊ लागल्यावर दराविषयीही बोलण्यासारखे थोडेच उरले. आता तेथे घासाघिशीची जागा उधारीच्या बोलण्याने घेतली आहे, कारण छापील किंमत बदलत नसली तरी ती कधी चुकती करायची हे अजून तोंडीच ठरते. मासळीचा वाटा मात्र आजही पुष्कळदा नजरेनेच लागतो, आणि ‘वर घाल’ची मागणीही त्याच्यासोबत टिकून आहे.