शेअर घसरला, पण किती?

कॅलिफोर्नियात सोन्यासाठी माणसे लोटली होती, त्या धामधुमीच्या काळात, १८५७ साली, सॅक्रामेंटो गावी ‘बी’ नावाचे दैनिक निघाले. (बी म्हणजे मधमाशी.) त्यातूनच पुढे मॅक्लॅची कुटुंबाची मोठी वृत्तपत्र कंपनी उभी राहिली. १९८८ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. २००५ मध्ये एका शेअरचा भाव ७० डॉलरच्या वर होता. २००९ च्या आरंभी तो एका डॉलरच्याही खाली गेला. चार वर्षांत लोकांनी वाचणेच सोडले होते का? तसे तर नव्हते.

अमेरिकी दैनिकांची दुभती गाय म्हणजे छोट्या जाहिराती. नोकरी, जुनी मोटार, भाड्याची खोली. त्या इंटरनेटवर गेल्या, तिथे अनेकदा फुकट. नेमक्या त्याच सुमारास, २००६ मध्ये, मॅक्लॅचीने आपल्याहून बरीच मोठी नाइट रिडर ही कंपनी सुमारे साडेचार अब्ज डॉलरना घेतली. शिवाय तिचे दोन अब्जांचे कर्जही अंगावर घेतले. पाठोपाठ २००८ ची मंदी आली.

कर्ज काय करते, हे फळ्यावर मांडून पाहू. धंद्याची किंमत १०० रुपये, त्यात कर्ज ७०. म्हणजे भागधारकांचे ३०. आता धंद्याची किंमत ३० टक्क्यांनी घटली. उरलेले ७० सावकाराचे, भागधारकाच्या हाती शून्य! कर्ज नसते तर त्याच्यापाशी ७० राहिले असते. धंदा घसरला ३० टक्के, शेअर मात्र १००. मॅक्लॅचीने पुढे वर्षानुवर्षे कर्ज फेडले, पण उत्पन्न त्याहून वेगाने आटत गेले.

भाव एक डॉलरखाली रेंगाळला की न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातून नाव जाण्याची भीती असते. म्हणून २०१६ मध्ये कंपनीने दहा जुन्या शेअरांचा एक नवा केला. भाव दसपट झाला. भागधारक श्रीमंत झाला का, हे मुलांना जरूर विचारावे. आम्हाला तर दहा सुट्ट्या रुपयांची एक नोट करून घेण्यातला हा प्रकार वाटतो.

२०२० च्या फेब्रुवारीत हा नवा शेअरही एका डॉलरखाली होता. जुन्या हिशेबाने दहा सेंटपेक्षा कमी. त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वर्ष संपण्याआधी ती चॅटम या गुंतवणूक संस्थेच्या ताब्यात गेली, आणि २४,००० हून अधिक आजी-माजी नोकरांच्या निवृत्तिवेतनाचा भार सरकारी विमा महामंडळावर आला.